नांगरातून सुटलेलं आयोवा

अमेरिकेतल्या आयोवा राज्याबद्दलचं बहुतेकांचं मत इंटरस्टेट ८० या एका रस्त्याने बनवलेलं असतं. शिकागोकडून येणारा माणूस डेव्हनपोर्टपाशी मिसिसिपी ओलांडतो, साडेचार-पाच तास एका बाजूला मका आणि दुसऱ्या बाजूला सोयाबीन बघतो, काउन्सिल ब्लफ्सला मिझुरी नदी ओलांडून नेब्रास्कात शिरतो आणि मग भेटेल त्याला सांगतो, "आयोवात बघण्यासारखं काही नाही." आमच्याकडे येणारे पाहुणेही हेच ऐकून आलेले असतात. दोन दिवस आमच्याकडे, मग नायगारा, मग न्यू यॉर्क, असा बेत आधीच पक्का. मी वाद घालत नाही, गाडी काढते.

माझं काम मातीचं आहे. सीडर रॅपिड्सजवळच्या एका प्रयोगशाळेत शेतांतून आलेल्या मातीच्या पिशव्या तपासायच्या. सामू, स्फुरद, पालाश, सेंद्रिय पदार्थ किती ते बघायचं. कापणी उरकली की ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिशव्यांचे ढीग लागतात आणि नखांतला काळा रंग नाताळपर्यंत जात नाही. ही माती इतकी काळी आहे याचं कारण इथलं जुनं गवत. हजारो वर्षं माणसाच्या उंचीचं गवत वाढायचं आणि त्याची मुळं खोलवर कुजत राहायची. १८३० च्या दशकात वसाहतवाले आले, मागोमाग पोलादी नांगर आला, आणि राज्याचा तीन-चतुर्थांश भाग व्यापणारी ती प्रेअरी, म्हणजे उंच गवताची माळरानं, एका माणसाच्या आयुष्याएवढ्या काळात संपत आली. आज तिचा हजारावा हिस्साही शिल्लक नाही.

म्हणून इथे भटकायचं माझं सूत्र सोपं आहे. नांगर जिथे पोचला नाही तिथे जायचं. कडे, गुहा, ओढ्याचे काठ, धरणाचा सांडवा, दफनभूमी.

दफनभूमीपासूनच सुरुवात करा, कारण ती इंटरस्टेट ८० पासून जवळ आहे आणि तरी कुणी वळत नाही. टिप्टनजवळ, सीडर नदीच्या काठाला रॉचेस्टर नावाचं छोटं गाव आहे. तिथली दफनभूमी तेरा-साडेतेरा एकरांची. पहिल्या वसाहतवाल्यांनी उंचसखल वाळूच्या टेकाडांवर माणसं पुरली, आणि एकदा पुरल्यावर तिथे नांगर कोण घालणार? परिणाम असा, की प्रचंड ओक वृक्षांच्या खाली, वाकड्या झालेल्या संगमरवरी शिळांच्या मधोमध, चारशेहून अधिक जातींच्या वनस्पती टिकून आहेत. मे महिन्यात जा. शूटिंग स्टार नावाची पांढरी-जांभळी फुलं थडग्यांभोवती अक्षरशः पसरलेली असतात. गावात यावरून दोन तट आहेत. ज्यांची माणसं तिथे पुरलेली आहेत त्यातल्या काहींना गवत नीट कापलेलं हवं, आणि वनस्पतीवाल्यांना कापायचं यंत्र फाटकाच्या आतसुद्धा नको. मला दोघांचंही पटतं. पण मी शेवटी मातीवाली, तेव्हा माझं मत कुणाला जाईल हे सांगायला नकोच.

प्रेअरी म्हणजे काय ते मोठ्या प्रमाणावर बघायचं तर उत्तरेला, मिनेसोटाच्या सीमेजवळ हॉवर्ड काउंटीत जावं लागतं. हेडन प्रेअरी. २४० एकर, कधीच न नांगरलेले. एडा हेडन या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंचं नाव त्याला दिलं आहे. आयोवा स्टेट विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवणारी ही पहिली स्त्री, साल १९१८. राज्यभर हिंडून कुठे कुठे प्रेअरीचे तुकडे उरलेत याची त्यांनी मोजदाद केली आणि ते विकत घ्या म्हणून सरकारच्या मागे लागल्या. हा तुकडा राज्याने १९४५ मध्ये घेतला. तिथे ना कार्यालय, ना दुकान, ना स्वच्छतागृह. एक पाटी आणि खडीचा रस्ता. पहिल्यांदा येणाऱ्याला वाटतं, हे तर पडीक रान आहे. दहा मिनिटं आत चालत गेलं की पायाखालची जमीन वेगळी लागते. मऊ, उसळी देणारी. प्रयोगशाळेत पिशवीतून येणारी माती कधी अशी होती, हे मला तिथे पायाने कळलं. जुलै-ऑगस्टमध्ये फुलांचा बहर असतो, आणि गोचिडांचाही. पायजमे मोज्यात खोचा, लाजू नका.

याच काउंटीत नॉर्मन बोरलॉग जन्मले. २५ मार्च १९१४, क्रेस्कोच्या दक्षिणेला सॉडी नावाच्या वस्तीजवळ आजोबांच्या शेतघरात. भारतात हरित क्रांती म्हटलं की पंजाब आठवतो, पण १९६६ मध्ये मेक्सिकोहून जे १८,००० टन बुटक्या गव्हाचं बियाणं भारतात आलं, त्यामागचा माणूस इथल्या एका खोलीच्या शाळेत शिकला. ती शाळा अजून आहे, बालपणीचं घरही आहे, दोन्ही जपलेली आहेत. आधी कळवून गेलात तर आतून बघता येतात. शाळा एवढीशी आहे, की आमच्या दिवाणखान्यात मावेल. बोरलॉग कुस्तीगीर होते हे मला तिथे जाईपर्यंत ठाऊक नव्हतं. क्रेस्कोच्या शाळेत आणि मग मिनेसोटा विद्यापीठात ते आखाड्यात उतरायचे, आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय कुस्ती सन्मानगृहातही त्यांचं नाव आहे. १९७० चं शांततेचं नोबेल त्यांना मिळालं. एका काउंटीत नांगर न लागलेली २४० एकर जमीन आणि त्याच काउंटीत एकरी उत्पन्न वाढवण्यासाठी आयुष्य घालवलेला माणूस. माझ्या सासऱ्यांनी दोन्ही एकाच दिवशी पाहिलं. ते स्वतः १९६५-६६ चं रेशन आठवणाऱ्या पिढीतले. शाळेच्या बाकावर ते बराच वेळ बसून राहिले. प्रेअरीत मात्र म्हणाले, "एवढी चांगली जमीन, आणि नुसतं गवत?" मी काही बोलले नाही.

तिथून जवळच स्पिलव्हिल. चेक लोकांचं खेडं, टर्की नदीच्या काठी. न्यू यॉर्कच्या कॉन्झर्व्हेटरीचे, म्हणजे संगीत विद्यालयाचे, संचालक असलेले चेक संगीतकार आंतोनिन द्वोर्झाक १८९३ चा उन्हाळा काढायला बायकामुलांसह इथे आले. शहराला कंटाळलेले, आपली भाषा बोलणाऱ्या माणसांसाठी आसुसलेले. आल्या आल्या त्यांनी तंतुवाद्यांचं एक चतुष्टय पंधरा-सोळा दिवसांत लिहून काढलं, तेच आज 'अमेरिकन' या नावाने जगभर वाजतं. सेंट वेन्सेस्लॉस चर्चमध्ये ते ऑर्गन वाजवायचे, ते चर्च १८६० चं आणि अजून उभं आहे. ते ज्या घरात राहिले त्याच्या वरच्या मजल्यावर त्यांच्याविषयीचं छोटं प्रदर्शन आहे.

पण खरं सांगू? माझं मन त्या घराच्या खालच्या मजल्यावर जास्त रमतं. तिथे बिली बंधूंची घड्याळं आहेत. फ्रँक आणि जोसेफ बिली हे दोघे अविवाहित शेतकरी भाऊ. उन्हाळाभर शेती, आणि जमीन गोठली, नांगर कोठारात गेला, की हिवाळाभर लाकडाचं कोरीवकाम. काही घड्याळं माणसापेक्षा उंच. एकात ठोके पडले की येशूचे बारा शिष्य बाहेर येऊन फिरतात, दुसऱ्यात अमेरिकेच्या वसाहतीचा सगळा इतिहास कोरलेला. हेन्री फोर्डने त्या इतिहासाच्या घड्याळासाठी दहा लाख डॉलर देऊ केले आणि भावांनी नाही म्हटलं, अशी गोष्ट गावात सांगतात. एकही घड्याळ त्यांनी विकलं नाही. सगळी गावाला दिली, कधी विकायची नाहीत या अटीवर. गाइड एकेक घड्याळ वाजवून दाखवतात. मुलांना घेऊन जा. मोबाइल आपोआप खिशात जातो.

स्पिलव्हिलहून पूर्वेला निघालात की जमीन बदलू लागते. हा राज्याचा ईशान्य कोपरा. शेवटच्या हिमयुगातल्या हिमनद्या मध्य आयोवावरून रणगाड्यासारख्या आल्या, अगदी आजच्या डि मॉइन शहरापर्यंत, आणि सगळं सपाट करून गेल्या. या कोपऱ्यापर्यंत त्या आल्या नाहीत. म्हणून इथे चुनखडीचे कडे, खोल दऱ्या, झरे, जमिनीत अचानक गुप्त होणारे ओढे. डेकोराह गावात एक बर्फगुहा आहे. हिवाळ्यात नव्हे, वसंतात तिच्या भिंतींवर बर्फ साचायला लागतो आणि बाहेर लोक अर्ध्या चड्डीत फिरत असताना आत बर्फ असतो. हिवाळ्यात खडक आतपर्यंत थंड होऊन बसलेला असतो, वसंतात वरून पाणी झिरपलं की ते त्या खडकावर गोठतं. गावातच आहे, पैसे पडत नाहीत. टॉर्च न्या, तळ निसरडा असतो.

याच भागात काही डोंगरउतार असे आहेत, की भर जुलैत फटींतून गार हवा बाहेर येते. आतल्या बर्फावरून वाहून आलेली. तिथे नखाएवढी एक गोगलगाय राहते. शास्त्रज्ञांना ती फक्त जीवाश्मांतून माहीत होती, हिमयुगाबरोबर संपली असं धरून चाललं होतं. १९५५ मध्ये ती जिवंत सापडली. हे उतार फार नाजूक, त्यामुळे बहुतेक ठिकाणी पाय ठेवायला बंदी आहे, आणि ते योग्यच आहे. आपण गोगलगाय बघायला जाऊ नये. ती आहे हे ठाऊक असणं पुरे.

मार्केट (Marquette) नावाच्या गावाच्या उत्तरेला मिसिसिपीच्या कड्यावर इफिजी माउंड्स आहेत. माझ्या यादीतून एकच जागा निवडायची झाली तर ही. सुमारे हजार वर्षांपूर्वी इथल्या लोकांनी टोपल्यांनी माती वाहून कड्यांच्या माथ्यावर अस्वलांच्या आणि पक्ष्यांच्या आकाराचे उंचवटे रचले. दोनशेहून अधिक उंचवटे, त्यातले ३१ प्राण्यांच्या आकाराचे. 'ग्रेट बेअर' हे अस्वल १३७ फूट लांब आहे, उंची जेमतेम तीन-साडेतीन फूट. खालून वर जायला दमवणारी चढण आहे. वर गेल्यावर पहिल्यांदा निराशाच होते, कारण समोर फक्त हिरवी फुगीर जमीन दिसते. त्याच्या कडेकडेने सावकाश चालत गेलं की खांदा कळतो, मग पाय, मग डोकं. माणसाच्या उंचीवरून अख्खं अस्वल दिसतच नाही, आणि बांधणाऱ्यांनाही ते तसंच दिसत असणार. आयोवे, हो-चंक आणि इतर अनेक जमाती हे आपल्या पूर्वजांचं काम मानतात. त्यामुळे उंचवट्यावर चढायचं नाही. मुलांना आधी बजावून ठेवा.

या परिसरात असे उंचवटे आणखी पुष्कळ होते. सपाट जमिनीवरचे शेतात गेले. उरले ते कड्यांवरचे, जिथे बैल नेणं परवडत नव्हतं. १९४९ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी राष्ट्रीय स्मारक जाहीर केलं म्हणून हे तरी वाचले. प्रवेश फुकट. दम असेल तर यलो नदीच्या दक्षिणेच्या भागातही जा. तिथे दहा अस्वलं रांगेत चालली आहेत, सोबत तीन पक्षी. येऊन-जाऊन चारेक मैल, आणि बहुधा वाटेत तुमच्याशिवाय कुणी नसेल. परतताना मॅकग्रेगरजवळच्या पाइक्स पीकवर थांबा. १६७३ च्या जूनमध्ये मार्केट आणि जोलिए हे फ्रेंच शोधप्रवासी ज्या संगमातून मिसिसिपीत उतरले, तो विस्कॉन्सिन नदीचा संगम बरोबर समोर दिसतो.

आमच्या घराजवळ अर्ध्या तासावर, कोरलव्हिल धरणाच्या सांडव्याखाली तर नांगराचं काम पुराने केलंय, तेही उलटं. १९९३ च्या महापुरात सांडव्यावरून २८ दिवस पाणी वाहत होतं. खालचा रस्ता गेला, तंबू ठोकायची जागा गेली, पंधराएक फूट माती गेली, आणि तळाशी ३७.५ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राचा तळ उघडा पडला. २००८ च्या पुराने आणखी थोडा उघडला. आता तुम्ही सरळ त्यावर चालता. पोवळी, शिंपले, क्रिनॉइड नावाच्या समुद्री प्राण्यांच्या देठांच्या बारीक चकत्या. पाऊस पडून गेल्यावर जा, ओल्या दगडावर आकार उठून दिसतात. एकही तुकडा उचलायचा नाही. ज्या पुराने आमच्या ओळखीच्यांची तळघरं बुडवली त्याचे आभार मानणं जड जातं, पण जागा अप्रतिम आहे.

माकोकेटा गुहांबद्दल फार लिहीत नाही, त्या आता बऱ्याच जणांना माहीत झाल्यात. डान्सहॉल गुहा अकराशे फूट लांब, आत दिवे आणि पायवाट. बाकीच्यांत रांगत जावं लागतं, चिखलाने माखून बाहेर यायची तयारी ठेवा. एकोणिसाव्या शतकातल्या हौशी मंडळींनी लोंबकळणारे चुनखडीचे झुंबर तोडून घरी नेले, त्यामुळे झुंबरं बघायला जाणार असाल तर जाऊ नका. ऑक्टोबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत गुहा बंद, कारण आत वटवाघळं झोपलेली असतात. दुसऱ्या गुहेत घातलेले बूट-कपडे इथे चालत नाहीत. वटवाघळांना मारणारी बुरशी पसरते म्हणून.

दक्षिणेला मनरो काउंटीत बक्सटन आहे, म्हणजे होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रेल्वेच्या कोळशासाठी वसवलेलं, पाचेक हजार वस्तीचं गाव, निम्म्याहून जास्त लोक कृष्णवर्णीय. त्या काळात, जेव्हा दक्षिणेत झुंडी माणसांना झाडाला लटकवत होत्या, तेव्हा इथे कृष्णवर्णीय डॉक्टर, वकील, दुकानदार होते आणि खाणीत गोऱ्या-काळ्यांना सारखी मजुरी होती. कृष्णवर्णीय वकिलांची राष्ट्रीय संघटना १९२५ मध्ये डि मॉइनला स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वुडसन यांनी याच गावात वकिली केली होती. कोळसा संपला, १९२० च्या दशकात गावही संपलं. आज तिथे शेतं आहेत. एका गोदामाच्या पडक्या भिंती आणि दफनभूमी एवढंच. जमीन खाजगी आहे, तेव्हा खडीच्या रस्त्यावरूनच बघा. बाकीच्या जागांत नांगर अडला. इथे तो मागे फिरून आला आणि मुख्य रस्त्यावरून गेला.

सीडर रॅपिड्समध्येच असाल तर नाइन्थ स्ट्रीट नॉर्थवेस्टवरची मदर मॉस्क चुकवू नका. लेबनॉन-सीरियाकडून आलेल्या स्थलांतरितांनी १९३४ मध्ये पुरी केली. मशीद म्हणून बांधलेली अमेरिकेतली सर्वांत जुनी शिल्लक इमारत हीच. छोटंसं पांढरं घर, वर हिरवा घुमट, शेजारी अगदी साधी घरं. आणि सासूबाईंसारखं कुणी बरोबर असेल तर फेअरफील्डशेजारचं महर्षी वेदिक सिटी दाखवून आणा. २००१ मध्ये रीतसर नोंदलेलं शहर, घरं सगळी पूर्वाभिमुख, छपरावर सोनेरी कळस, आणि चहूकडे मका. आमच्या सासूबाई गाडीतून उतरल्या, चारी बाजूंना बघितलं आणि विचारलं, "इथे देऊळ कुठाय गं?" देऊळ काही दिसलं नाही.

पश्चिमेची लोएस टेकड्यांची रांग वेगळ्या दिवसांची आहे, ती घाईत करू नका. हिमयुगात मिझुरीच्या पात्रात साठलेला बारीक गाळ हिवाळ्यात सुकायचा आणि पश्चिमेचा वारा तो उचलून नदीच्या पूर्व काठावर टाकायचा. असं हजारो वर्षं. त्यातून दोनशे मैल लांबीची टेकड्यांची माळ झाली, काही ठिकाणी गाळाची जाडी दोनशे फुटांहून अधिक. याहून जाड थर फक्त चीनमध्ये आहेत. ही माती बोटात घेतली तर पिठासारखी, पण कापली तर भिंतीसारखी उभी राहते. पाणी लागलं की ढासळते. मला ती चिमटीत घेतल्याशिवाय राहवत नाही. उतार इतके तीव्र, की माथ्यांवर प्रेअरी टिकली, आणि सोबत युका नावाची चक्क वाळवंटी झुडपंसुद्धा. पिस्गाहजवळच्या मरी हिल दर्शनबिंदूवर संध्याकाळी जा.

तिथेच प्रिपरेशन कॅनियन हे राज्य उद्यान आहे. १८५३ मध्ये चार्ल्स थॉम्पसन नावाचा मॉर्मन पंथातून फुटलेला धर्मगुरू अनुयायांना घेऊन इथे आला. बनीमी नावाचा आत्मा आपल्याशी बोलतो असं तो सांगायचा. त्या आत्म्याने सांगितलं, की सगळ्यांनी आपली जमीनजुमला थॉम्पसनच्या नावावर करावी. केली. पाच वर्षांनी लोक हिशेब मागायला लागले तेव्हा मालमत्ता बायको-मुलांच्या नावावर गेलेली. संतापलेल्या जमावाने त्याला गावातून पळवून लावलं. खटला आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १८६६ मध्ये लोकांना जमिनी परत मिळाल्या. गाव आता नाही, फक्त झाडी आणि वाटा. अशा बुवांच्या गोष्टींत भक्तांना काही परत मिळाल्याचं मी क्वचितच ऐकलंय, म्हणून ही मला फार आवडते.

जाता जाता व्यवहाराचं. राज्य उद्यानांपैकी बहुतेकांना प्रवेश शुल्क नाही. खडीच्या रस्त्यांवर मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, नकाशा आधी उतरवून घ्या. जेवणासाठी छोट्या गावांत केसीजच्या गॅस स्टेशनवरचा पिझ्झा हाच भरवशाचा, शाकाहारी चीज पिझ्झा सांगून करून देतात. आणि कुणाला राज्याचं सर्वोच्च शिखर गाठायची हौस असेल तर वायव्येला सिब्लीजवळ हॉकाय पॉइंट आहे, १,६७० फूट. कळसूबाई चढलेल्या माणसाने बूट बांधायचीही गरज नाही. एका शेतावर सायलोच्या जवळ, गुरांच्या लांब गव्हाणीच्या टोकाशी गाडी थांबवायची, चार पावलं चालायचं, फोटो काढायचा. सासऱ्यांनी तिथे फोटो काढला आणि गावाकडच्या ग्रुपवर 'शिखर सर' असं लिहून टाकला. गव्हाण फोटोत येणार नाही याची काळजी घेऊन.